एक रुपयाचे खरेदीखत

घर विकले जाणे हा मराठी साहित्याचा जुना आणि जिव्हाळ्याचा विषय आहे. भिंतीला ओल येते, वडील जातात, भाऊ एकमेकांकडे बघेनासे होतात आणि पडदा पडतो. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून विदर्भातले कोणतेही पडके घर पाहिले की वाचकाला धरणगावचे देशपांडे आठवतात. दुसऱ्या टोकाला चाळ आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि भाडेकरूच्या नजरेने घर कसे दिसते हे तिने साऱ्या महाराष्ट्राला हसवत हसवत सांगितले. म्हणजे वाडा मालकाच्या बाजूने लिहिला गेला आणि चाळ भाडेकरूच्या बाजूने.

आमच्यासारख्यांची घरे या दोहोंत बसत नाहीत. खामगाव, मलकापूर, मेहकर, नांदुरा, जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारपेठेच्या गावात जा, मशिदीच्या किंवा बाजाराच्या आसपास एक नमुना हमखास दिसेल. खाली रस्त्याला लागून गाळे, बाजूने अंधारा जिना, पहिल्या मजल्यावर भाड्याची बिऱ्हाडे आणि सर्वांत वर घरमालक, त्याच्या पत्र्याच्या शेडसह. मालक आणि भाडेकरू एकाच जिन्याने चढतात, एकाच नळावर भांडतात आणि एकाच जनाजाच्या मागे चालतात. ही इमारत वाडा नव्हे, कारण तिला चौक नाही आणि कुळीचा अभिमानही नाही. ती चाळही नव्हे, कारण मालक वरच राहतो आणि पाणी गळले तर आधी त्याच्याच डोक्यावर गळते. तिच्या विक्रीची कथा मराठीत आमच्या तरी वाचनात आलेली नाही. ती आम्हाला सापडली हिंदी-उर्दू पडद्यावर. म्हणून या लेखात मुख्यतः एका चित्रपटाबद्दल बोलायचे आहे, आणि त्याच्या आधाराने आमच्या घराबद्दलही, कारण ते टाळून या चित्रपटावर लिहिणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

हा चित्रपट म्हणजे ‘गुलाबो सिताबो’. शूजित सरकार यांचे दिग्दर्शन, जुही चतुर्वेदी यांचे लेखन. टाळेबंदीमुळे चित्रपटगृहांना कुलपे होती, म्हणून १२ जून २०२० रोजी तो थेट घराघरांतल्या मोबाइलवर आला. लखनौतली फातिमा महल नावाची मोडकळीस आलेली हवेली. मालकीण पंचाण्णव वर्षांची फातिमा बेगम, तिचा नवरा मिर्झा तिच्याहून सतरा वर्षांनी लहान, आणि हवेलीभर जुने भाडेकरू. त्यांतला एक बांके, पिठाच्या चक्कीवर बसणारा, महिन्याला तीस रुपये भाडे देणारा आणि तेही वेळेवर न देणारा. मिर्झाला बेगम मरण्याची घाई आहे, बांकेला घर न सोडण्याची. रागाच्या भरात बांके शौचालयाच्या भिंतीला लाथ मारतो, भिंत पडते, आणि ती कुणी बांधायची यावरून पोलीस चौकीपर्यंत प्रकरण जाते.

हा भिंतीचा प्रसंग अनेकांना निव्वळ विनोदी वाटला. जुन्या भाडेकराराच्या इमारतीत जो वाढला, त्याला तो तसा वाटणार नाही. आमच्या वऱ्हाडात १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश चालत असे. भाडेकरूला नोटीस द्यायची तरी आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा सगळ्या राज्याला एकसारखा लागू झाला आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. पण चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे! एवढ्या पैशांत मालक गिलावा करील कसा? आणि उद्या घर पाडले तर आपले काय, हे ठाऊक नसताना भाडेकरू तरी पदरचे पैसे का घालील? अशा घरात कुणीच दुष्ट नसते आणि तरी भिंत पडते. मुंबईत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारच्या पाकमोडिया स्ट्रीटवरची शंभरी ओलांडलेली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. त्या भागाच्या पुनर्विकासाची योजना २००९ पासून चालू होती आणि ती इमारत त्या योजनेतच होती. काही बिऱ्हाडे हलली होती, काही तिथेच होती. ‘गुलाबो सिताबो’तली भिंत हसवते, कारण ती शौचालयाची आहे आणि आत कुणी नाही.

मिर्झाच्या पात्रावर आमच्या ओळखीतले काही शिक्षक नाराज झाले. मुसलमान म्हातारा दाखवायचा तर तो कंजूष, चोरटा, बल्ब काढून विकणारा असाच का, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न चुकीचा नाही. अमिताभ बच्चन यांच्या चेहऱ्यावर चढवलेले ते भलेमोठे नाकही आम्हाला शेवटपर्यंत खुपत राहिले. पण मिर्झाला नुसता लोभी म्हणून सोडून दिले तर पटकथेतली सर्वांत बारीक गोष्ट हातून निसटते. मिर्झा वकील गाठतो आणि बेगमच्या माहेरचे कुणी हयात आहे का, याचा तपास करत हिंडतो. हे वेडेपण नव्हे. मूलबाळ नसलेल्या बायकोच्या मालमत्तेत नवऱ्याचा हिस्सा निम्मा. उरलेल्या निम्म्याला कुणी वारस निघतो की काय, हीच त्याची झोप उडवणारी धास्ती आहे. मिर्झाला वरासतीचा कायदा ठाऊक आहे. आमच्या समाजातल्या बहुतेक पुरुषांप्रमाणेच त्याला त्यातला स्वतःच्या कामाचा भाग ठाऊक आहे.

आणि बेगमलाही कायदा ठाऊक आहे, त्याच्यापेक्षा जास्त. इथेच चित्रपटाचा शेवट येतो, आणि त्या शेवटाला जवळजवळ सगळ्यांनी गमतीदार कलाटणी म्हणून सोडून दिले याचे आम्हाला आश्चर्य वाटते. एका सकाळी बेगम घरात नसते. मिर्झाला वाटते गेली. पण ती अल्लाघरी गेलेली नसते, आपल्या तरुणपणच्या प्रेमिकाबरोबर, अब्दुल रहमानबरोबर निघून गेलेली असते. हवेली तिने त्यालाच एक रुपयात विकून टाकलेली असते. मिर्झाच्या वाट्याला एक जुनी खुर्ची येते. तो ती अडीचशे रुपयांना विकतो, आणि नंतर ती मुंबईतल्या एका दुकानात एक लाख पस्तीस हजारांची चिठ्ठी लावून उभी दिसते.

एक रुपया कशासाठी? नुसते देऊन टाकता आले नसते का? लेखिकेने याचे व्याख्यान दिलेले नाही, पण दुय्यम निबंधकाच्या व्हरांड्यात ज्याने दिवस काढले आहेत त्याला उत्तर दिसते. वसीयत करायची तर मुसलमानाला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक देता येत नाही. हिबा करायचा तर ताबा सोपवावा लागतो, आणि ताब्यात तर मिर्झा आणि भाडेकरू हातपाय पसरून बसलेले. खरेदीखत मात्र हयातीत, शुद्धीवर असलेल्या मालकाने मोबदला घेऊन केले की झाले. तो एक रुपया म्हणजे मोबदला. झोपलेल्या बेगमच्या बोटांचे ठसे कागदावर उठवून घेणाऱ्या नवऱ्याला जागेपणी केलेल्या सहीने दिलेले ते उत्तर आहे. फारुख जफर यांनी ही बेगम पलंगावर बसूनच साकारली आणि वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांना फिल्मफेअरचा साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. त्यांच्या तोंडी वाक्ये थोडी आहेत. पण घर तिच्या नावावर आहे, हे त्यांच्या मानेच्या प्रत्येक हालचालीत आहे.

दोष सांगायचे तर तेही आहेत. बेगमच्या सहीने भाडेकरूही रस्त्यावर येतात, आणि चित्रपट त्यांची बोचकी दाखवून पुढे निघून जातो. ज्या घरासाठी तिने एकेकाळी अब्दुलला सोडले, तेच घर त्याच्या हाती देऊन ती त्याच्याकडे जाते. म्हणजे मोकळे व्हायला पुन्हा एक पुरुषच लागला, आणि तोही पैसेवाला. पुरातत्त्व खात्याचा अधिकारी आणि बिल्डर ही दोन पात्रे तर नुसती सोंगे आहेत. आणि सर्वांत मोठा दोष हा की, कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ खालच्या दोन भांडणाऱ्या पुरुषांजवळ थांबतो. निर्णय वर खोलीत होत असतो आणि आम्हाला तो शेवटी पत्रातून कळतो. हे रचनेचे कसब म्हणावे की तेच जुने दुर्लक्ष, याचा निकाल आमच्याने लागत नाही.

याच्या जोडीला एम. एस. सथ्यू यांचा १९७३ चा ‘गर्म हवा’ पुन्हा पाहावा. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा जैदी यांनी तो लिहिला. आग्र्याचा सलीम मिर्झा हवेलीत राहतो, बुटांचा कारखाना चालवतो; पण हवेली थोरल्या भावाच्या, हलीमच्या नावावर आहे. हलीम पाकिस्तानात निघून जातो आणि घर निर्वासितांची मालमत्ता ठरते. फाळणीवरचा चित्रपट म्हणून त्याची थोरवी सर्वमान्य आहे, तिच्यात आम्ही भर घालण्याची गरज नाही. आम्हाला बोट ठेवायचे आहे ते सलीमच्या आईवर. घर सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी लाकडाच्या कोठडीत लपून बसते आणि तिला उचलून बाहेर आणावे लागते. पुढे मरणाच्या दारात तिला पालखीतून त्याच हवेलीत नेतात आणि तिला आपण नवरी होऊन या दारात आलो तो दिवस आठवतो. प्रेक्षक रडतात, आम्हीही रडलो. पण नवऱ्याच्या घरात बायकोचा आठवा हिस्सा असतो, मग घर एकट्या हलीमच्या नावावर गेले कधी? चित्रपट सुरू होण्यापूर्वीच कधीतरी म्हातारीचा हिस्सा विरून गेला होता. चित्रपट हा प्रश्न विचारत नाही, हे आमचे वाचन आहे. सरकारने घर घेतले हा अन्याय पडद्यावर आहे. मुलाने आधी घेतले होते तो पडद्यावर नाही. कोठडीत लपणारी ती बाई आम्हाला भाबडी वाटत नाही. त्या घरात कधीही सही न मागितली गेलेली ती एकच वारस आहे.

‘वाडा चिरेबंदी’तली शिक्षण अडवून घरातच ठेवलेली प्रभा हिचीच दुसऱ्या धर्मातली बहीण. एलकुंचवारांनी तिच्या तोंडी कडू वाक्ये दिली, पण वाड्याचे काय करायचे हे ठरवताना तिचे वजन किती, हे नाटक पाहिलेल्यांना सांगायला नको. नाटक लिहिले गेले तेव्हा महाराष्ट्रात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क नव्हता. तो १९९४ साली आणि देशभर २००५ साली आला. आमच्याकडे मुलीचा हिस्सा चौदाशे वर्षांपासून ठरलेला आहे, सूरह निसात आकड्यांनिशी आहे, जलशांत त्यावर तासतासभर तकरीर होते. तरी आमच्या प्रभा कमी नाहीत.

आता आमचे घर. खामगावात १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला आणि कापसाचा बाजार गाजू लागला. त्या बाजाराच्या मागच्या एका गल्लीत आमच्या दादांनी तीन मजली इमारत बांधली. खाली तीन गाळे: एकात अब्बांचे वह्या-पुस्तकांचे दुकान, एकात सायकल दुरुस्ती, एकात रफूगर. पहिल्या मजल्यावर दोन बिऱ्हाडे, वर आम्ही. आमच्या लहानपणी गल्लीत रुई पिंजणाऱ्याचा आवाज असे. पुढे तो बंद झाला, सायकलच्या गाळ्यासमोर मोबाइलची दुकाने लागली, रस्ता रुंद झाला आणि कोपऱ्यावरच्या दोन जुन्या माड्या पाडून तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ओळखीची घरे एकेक करून गावाबाहेरच्या नव्या वस्तीत गेली. अब्बा २०१३ साली गेले. २०१६ साली गिऱ्हाईक चालून आले.

मागे अम्मी, आम्ही दोन भाऊ आणि तीन बहिणी. हिशेब इतका सोपा की सहावीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवताना आम्ही तोच घेतो, नावे बदलून. आईचा आठवा हिस्सा. उरले सात. मुलाचे दोन, मुलीचा एक: दोन भावांचे चार, तीन बहिणींचे तीन. बेरीज बरोबर आठ. एक कणही शिल्लक राहत नाही.

इमारत गेली एक कोटी बारा लाखांना. गिऱ्हाइकाची अट होती रिकामा ताबा. चार भाडेकरूंशी दोन महिने बोलणी झाली, चहाच्या किटल्या रिकाम्या झाल्या आणि प्रत्येकी चार लाखांवर तोड निघाली. रफूगराने घासाघीस करून पन्नास हजार आगाऊ घेतले. आम्हाला त्याचा राग आला नाही. त्याचा गाळ्यावर हक्क होता आणि तो त्याने वसूल केला. उरले शहाण्णव लाख. म्हणजे आठवा हिस्सा बारा लाख.

बहिणींना हक्कसोड पत्रावर सही मागायला आम्हीच गेलो. घरात शिकलेला आणि गोड बोलणारा म्हणून ते काम आमच्याकडे आले. वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोड पत्राला तेव्हा दोनशे रुपयांचा मुद्रांक लागे. दलालाने कागद तयार ठेवला होता. आपांच्या घरी चहा झाला, मुलांच्या शाळेची चौकशी झाली, आणि मग कागद काढला. त्या म्हणाल्या, “कुठे?” आम्ही बोट ठेवले. त्यांनी सही केली. धाकट्या दोघींनीही केली. विक्री झाल्यावर तिघींना कपड्यांचा एकेक जोडा आणि मिठाई गेली. चौथ्या दिवशी वर्गात आम्ही पुन्हा अपूर्णांक शिकवत होतो.

चार वर्षांनी टाळेबंदीत आपा आमच्याकडे अडकल्या आणि आमच्याच मोबाइलवर, चार मुलांच्या गराड्यात, त्यांनी ‘गुलाबो सिताबो’ पाहिला. मिर्झाच्या भांडणांना त्या पोट धरून हसल्या. शेवटी बेगमचे पत्र आले तेव्हा मुलांनी विचारले, एवढी मोठी हवेली एक रुपयात? आपा मोबाइल बाजूला ठेवत म्हणाल्या, “बेगमने एक रुपया तो लिया.” त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. उठून रोट्या लाटायला गेल्या.

चित्रपटावर पुष्कळ परीक्षणे आम्ही वाचली. आपांच्या या वाक्याएवढे नेमके कुठे मिळाले नाही. आमच्या इमारतीच्या सौद्यात जिन्यावर बसलेला प्रत्येकजण मोजला गेला. सायकलवाला, रफूगर, दोन बिऱ्हाडे, दलाल, मुद्रांक विक्रेता, अगदी साक्षीला उभे राहिलेले दोघे, त्यांनाही जेवण झाले. मोजल्या गेल्या नाहीत त्या फक्त त्याच जिन्याने नवरी होऊन उतरलेल्या तिघी. मोबदला या रकान्यात त्यांच्या नावापुढे रेघ होती. ‘गुलाबो सिताबो’चे मोल आमच्या लेखी यात आहे की त्याने ती रेघ खोडून तिथे एक आकडा लिहिला, भले तो एकाचा असो.

हे भाईजानना पटत नाही. त्यांचे म्हणणे, बहिणींच्या लग्नात अब्बांनी केले ते काय कमी होते, आणि सही तर खुशीने दिली होती. लग्नाचा खर्च वरासतीतून वजा होत नाही, हे आम्ही त्यांना एकदा सांगून पाहिले. त्यांनी विषय बदलला. धाकट्या दोघी बहिणी मागत नाहीत; मागितले तर माहेर बंद होईल, अशी भीती त्यांना आहे असे आम्हाला वाटते, पण विचारण्याचे धाडस आमच्यात अजून नाही. अम्मींचा आठवा हिस्सा आमच्याच नव्या घराच्या पायात आहे आणि त्या त्याच घरात राहतात.

गेल्या वर्षी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून आम्ही आपांकडे दोन लाख घेऊन गेलो. नको नको होईल, रडारड होईल, असे वाटले होते. तसे काही झाले नाही. आपांनी नोटा मोजल्या, एक शंभराची फाटकी निघाली ती बदलून मागितली. मग मुलाच्या वहीतले पान फाडले आणि लिहायला सांगितले: एकूण बारा लाख, पैकी दोन पोहोचले, बाकी दहा. तारीख घातली. आम्ही पेन त्यांच्यापुढे केले.

“पहले तुम,” त्या म्हणाल्या.